ठसका मिरचीचा नव्हता

आमच्या घरात कुणी खोकलं तर दुसरं कुणी मान वर करून बघत नाही. शेंगाचटणीचं घर आमचं. पुढच्या खोलीत भाजलेल्या शेंगदाण्यांची पाटी, मधल्या खोलीत कांडपाचं मशीन, आणि लसूण सोलून सोलून नखांत मुरलेला वास. मिरची कुटायला घेतली की पोस्टमन दारातूनच पत्र आत टाकतो आणि शिंकत जातो. पाहुण्यांना आधी ठसका लागतो, मग ते रामराम म्हणतात. माझी पोरगी तर मिरचीच्या धुरळ्यातच रांगली. त्यामुळं खोकला म्हणजे आमच्याकडं धंदा चालू असल्याची खूण. त्याला औषध कोण बघतंय?

आणि मी तशी संशयी बाई. हे माझं मीच सांगते, दुसऱ्यानं सांगायला नको. शेंगदाण्याचं पोतं आलं की वरचे दाणे मी बघतच नाही. वरचे सगळे चांगलेच असतात, तेवढी अक्कल विकणाऱ्याला असते. हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातला दाणा काढायचा आणि चावायचा. खवट निघाला तर पोतं परत. एक खवट दाणा चटणीत गेला तर वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक तुटतं. आमचे हे एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर असतात. ते म्हणतात, "तुला देवाच्या साखरंतबी खडा दिसतो." दिसतो तर. असतो म्हणून दिसतो.

एवढी मी हुशार. आता माझी हुशारी ऐका.

पोरगी अकरावीला गेली तेव्हाची गोष्ट. सकाळी कॉलेज, दुपारी घरी, संध्याकाळी आधी मैदान आणि मग सात रस्ता चौकाकडं क्लास. मैदान म्हणजे खो-खो. पळतीला उतरली की तिला बाद करता करता समोरच्या पोरी रडकुंडीला यायच्या. खांबाला वळसा घालून अशी निसटायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला हाडं आहेत का नाहीत. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि सगळे धरून चालले होते की हिचं नाव पक्कं. माझी सासू, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, जेऊरकडच्या. त्यांनी तर गावाकडं कळवूनसुद्धा टाकलं होतं की आमची नात आता जिल्ह्याकडनं खेळणार हाय.

आणि दिवाळीच्या आधी पोरगी खोकायला लागली.

मी म्हटलं ना, आमच्याकडं खोकल्याला कुणी विचारत नाही. मीही नाही विचारलं. मग एके दिवशी तिच्या सरांचा फोन आला. "ताई, पोरगी दमतीय. आधी मैदान सोडत नव्हती, आता दोन फेऱ्या झाल्या की खांबाला धरून वाकती. घरी आजारी हाय का?" मी म्हटलं, नाही हो, आमचं मिरचीचं काम चालू आहे, सणाचा माल आहे, त्याचा ठसका असेल. ते म्हणाले, "बघा जरा. निवडीला फार दिवस न्हाईत."

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात पहिला संशय शिरला तो मिरचीवर. यंदाची मिरची नेहमीपेक्षा लालभडक होती. इतकी लाल मिरची मला आवडत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, मी म्हटलं. तशीच स्कूटी काढली आणि मार्केट यार्डात व्यापाऱ्याच्या गादीपुढं जाऊन उभी राहिले. ओला कापूस नेला होता, तो मिरचीवर चोळून बघितला. रंग काही उतरला नाही. तरी मी विचारलंच, "ह्याला काय लावता तुमी?"

ते म्हातारे गृहस्थ. माझ्या सासऱ्यांपासून आम्हाला मिरची देणारे. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरचा खोकला माझ्या गादीवर आणू नका." मला राग आला. खरं बोलणारा माणूस असं बोलत नाही, असं तेव्हा वाटलं. त्या दिवसापासून दुसरीकडची मिरची घ्यायला लागले. ती त्या म्हाताऱ्यांच्या मिरचीच्या पासंगालाही पुरत नव्हती, गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. आणि पोरीचा खोकला होता तिथंच.

मग दुसरा संशय आत्यांवर. आत्या मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटानं दातावर घासत बसायचं. लग्न होऊन आल्या तेव्हाही डबी बरोबर होती म्हणतात. भाजताना घरभर असा धूर कोंदतो की मिरची परवडली. मी म्हटलं, "आत्या, आता घरात मशेरी भाजायची न्हाय. पोरीच्या छातीत जातोय धूर."

आत्यांनी डबी कमरेला खोचली. "माज्या मशेरीनं तुज्या नवऱ्याला कवा खोकला आला का? त्यो माज्या मांडीवरच मोठा झाला की. मिरची तुजी, अन् नाव माजं?" असं म्हणून तवा घेऊन गच्चीवर गेल्या. नंतर लई दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरीच्या हाती निरोप पाठवायच्या, तुझ्या आईला म्हणावं भाजीत मीठ कमी हाय.

खोकला थांबेना. सरांचा पुन्हा फोन आला. तेव्हा मात्र मी घाबरले. ज्या मिरचीवर घर चालतं तीच पोरीच्या छातीवर बसली असेल तर काय करायचं? मी यांना म्हटलं, मशीन बाहेर काढा. मागच्या गल्लीत एक पत्र्याची खोली मिळाली, तिथं सगळं कांडप हलवलं. पाट्या डोक्यावर घेऊन जा, चटणी घेऊन या. कंबर मोडली माझी. पण घर स्वच्छ झालं. भिंती पुसल्या, पडदे धुतले. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात मिरचीचा कण नव्हता.

आणि घर असं गप झालं तेव्हा मला कळलं, की खोकणारं माणूस एकच आहे.

आत्या खोकत नव्हत्या. हे खोकत नव्हते. मी तर दिवसभर मिरचीत, मीही घरी आल्यावर खोकत नव्हते. पोरगी एकटी आतल्या खोलीत खोकत होती. मिरचीच्या गोंगाटात तो खोकला लपून गेला होता, इतकंच. मी हातातलं काम टाकून दाराशी उभी राहिले. ठसका कसा असतो ते मला माहीत आहे. ठसका येतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि जातो. हा जात नव्हता. आत कुठंतरी खरवडत होता.

त्याच आठवड्यात आंब्याचा वास आला. तिचं जाकीट धुवायला घेतलं तर कॉलरला पिकलेल्या आंब्याचा गोड वास. महिना मार्गशीर्ष. ह्या दिवसांत आंबा कुठला? माझ्या नाकावर माझा भरवसा आहे, धंदाच नाकावर चालतो. हे अत्तर, मी म्हटलं. आणि अकरावीतल्या पोरीला अत्तर कोण देतं? आई तर देत नाही.

झालं. एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की सगळंच त्याच्या बाजूनं बोलायला लागतं. तिचा डबा रोज पुसल्यासारखा स्वच्छ परत येत होता. मला आधी बरं वाटायचं. मग लक्षात आलं, की आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं कुत्रं हल्ली चांगलंच गुबगुबीत झालंय आणि पोरगी कॉलेजला निघाली की शेपूट हलवत तिच्या मागं जातंय. माझ्या हातची कडक भाकरी कुत्रं खात होतं आणि पोरगी वाळत चालली होती. रात्री मोबाईलवर जागायची, सकाळी उठवेना. जेवण नाही, झोप नाही, अंगाला वास. अहो, हे कुणीही सांगेल काय चाललंय ते. मी यांना म्हटलं, "पोरीनं कुणीतरी पोरगा बघितलाय." हे जेवत होते. म्हणाले, "तिला विचार की सरळ."

सरळ विचारून कुणी सांगतं का? मी तिच्या मागं गेले.

क्लासच्या रस्त्याला एक रसवंती आहे. तिच्या आडोशाला पदर डोक्यावर घेऊन उभी राहिले. ओळखीचं कुणी दिसलं तर काय सांगणार होते देव जाणे. थोड्या वेळानं पोरगी आली. बरोबर तीन मैत्रिणी, तिघीही मैदानावरच्या. पोरगा एकही नाही. मी बराच वेळ बघितलं, एकही नाही. चौघी क्लासच्या जिन्याखाली उभ्या राहून हसत होत्या. त्यांच्या हातात पोरीचं ते जांभळं पेन होतं. ह्या पेनाबद्दल सांगायचं राहिलंच. बोटाएवढं जाड, गुळगुळीत, वरच्या टोकाला निमुळतं, खाली चार्जिंगचं भोक. पहिल्यांदा दप्तरात बघितलं तेव्हा मी विचारलं होतं, तर म्हणाली, "टॅबवर लिहायचं पेन हाय मम्मी. क्लासमध्ये लागतं." मला पटलं. आजकाल देवळातला नगारासुद्धा विजेवर वाजतो, पेनाला चार्जिंग लागलं तर नवल काय. उलट तिला आठवण राहत नाही म्हणून रोज दुपारी मीच ते मिक्सरशेजारच्या बोर्डावर माझ्या मोबाईलबरोबर चार्जिंगला लावायची. पोरीचं अभ्यासाचं अडायला नको.

तर ते पेन चौघींत फिरत होतं. एक पेन आणि लिहिणाऱ्या चार, बिचाऱ्यांकडं नसेल, असं मला वाटलं. एकमेकींत वाटून घेतात, चांगलं आहे. त्यांच्या तोंडातनं वाफ निघत होती. थंडी पडलीय, मी म्हटलं. सोलापुरात. जिथं माघातसुद्धा दुपारी पंखा लावावा लागतो, त्या गावात चार पोरींच्या तोंडातनं वाफ निघतेय आणि त्यांतल्या एकीची संशयी आई रसवंतीच्या आडोशाला उभी राहून म्हणतेय, थंडी पडलीय. पोरगा नाही ह्याच आनंदात होते मी. येताना मारुतीला नारळ फोडला.

नंतरच्या एका संध्याकाळी पुण्याकडची एक मुलगी चटणी न्यायला आली. कॉलेजातली असावी, चेहऱ्यानं तरतरीत. तिला दोन पुड्या हव्या होत्या, एक तिखट आणि एक तिच्या आजीसाठी बेताची. म्हणाली, "काकू, वरती लिहून द्या ना, नाहीतर आजीला तिखट जाईल." मी पेन शोधायला लागले. आमच्या घरात लसूण कधीही मिळेल, पेन नाही. पोरगी मैदानावर गेली होती आणि घाईत तिचं ते जांभळं पेन बोर्डावरच राहिलं होतं. टॅबवर चालतं तर कागदावर का चालू नये? मी ते काढलं आणि पुडीवर टेकवलं. उठेना. दाबून बघितलं. उठेना.

आता आपलं बॉलपेन उठलं नाही की आपण काय करतो? टोकाला फुंकर मारतो. लहानपणापासून करत आलोय. मी ते निमुळतं टोक तोंडात धरलं आणि जोरात फुंकर मारली. काही नाही. म्हटलं अजून जोरात मारावी, म्हणून तोंडातनं न काढता श्वास भरून घेतला.

दुसऱ्या टोकाला निळा दिवा लागला आणि आंबा छातीत शिरला.

आयुष्यभर मिरची कुटली मी. लवंगी कुटली, पांडी कुटली. पण असा ठसका कधी लागला नव्हता. खाली बसले. डोळ्यांपुढं अंधारी आली. ती मुलगी धावत आत आली, पाणी दिलं, पाठ चोळली. "मिरची लागली का काकू?" म्हणाली. मी हातातली वस्तू तिच्यापुढं धरली. तिनं बघितली, मग माझ्याकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "काकू, हे पेन नाही. ही सिगारेट आहे, विजेवरची. वेप म्हणतात. ह्याच्यावर बंदी आहे खरं तर, पण मिळतं सगळीकडं."

ती पुड्या घेऊन गेली. कुठली तिखट आणि कुठली बेताची ते सांगायचं राहूनच गेलं.

मी तिथंच जमिनीवर बसून राहिले. मिरचीवाल्याला चोर ठरवलं होतं. सासूचा तवा घराबाहेर काढला होता. कांडप हलवून कंबर मोडून घेतली होती. आणि ज्यानं माझ्या लेकराची छाती पोखरली त्याला रोज दुपारी माझ्या हातानं चार्जिंगला लावत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. मला राग आला होता. पोरीवर किती आणि माझ्यावर किती, ते मला तेव्हा कळलं नाही.

पोरगी आली तेव्हा मी गच्चीवर होते. ते पेन मी मुठीत धरून ठेवलं होतं. तिनं मूठ बघितली आणि तिचा चेहराच उतरला. मी हात उचलला होता, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात तिला खोकला आला. खाली वाकून, भिंतीला धरून, तोच तो खरवडणारा खोकला. मग कसलं मारतेय, पाठ चोळत बसले.

"कुणी दिलं?"

"मोठ्या पोरींनी. संघातल्या."

"कशासाठी?"

"भूक लागत न्हाय त्यानं." ती खाली बघून बोलत होती. "वजन कमी झालं की पाय हलका पडतो. निवडीच्या आधी सगळ्या करतात."

"आणि पळायला श्वास लागतो, तो कुठनं आणणार होतीस?"

तिनं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्यात तंबाखू न्हाय मम्मी. आंब्याचा फ्लेवर हाय."

"आंबा असता तर पेटीत आला असता. जिन्याखाली कशाला आला असता?"

तिनं मान वर केली. डोळे लाल झालेले. "आजी रोज मशेरी लावती. तिला कुणी काय म्हणत न्हाय. तू फक्त तवा बाहेर काढलास, डबी तर तूच बाजारातनं भरून आणतीस."

 खरंच मीच आणायची तंबाखू, बाजाराच्या पिशवीत, लसणाबरोबर. जिन्यात पावलं वाजली म्हणून बघितलं तर आत्या अर्ध्या जिन्यात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. तशाच खाली गेल्या.

ते पेन मी उखळात घालून कुटणार होते, पण यांनी हात धरला. "बॅटरी फुटंल, डोळा जाईल," म्हणाले, आणि कारखान्यात जाताना कुठंतरी टाकून आले. मला वाटलं, संपलं. वस्तू गेली म्हणजे सवय गेली. आपण किती खुळे असतो.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी वेगळीच व्हायला लागली. चिडचिड, डोकं दुखतंय, हात थरथरतात, पुस्तक उघडून एकाच पानाकडं बघत बसायची. आत्यांवर ओरडली, जे तिनं जन्मात केलं नव्हतं. मला वाटलं रुसलीय. मग एका संध्याकाळी मी लसूण सोलत होते, तर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मम्मी, मला सुटंना गं ते."  चोरी पकडली की चोर सुधारतो असं मी समजत होते. ही तर चोर नव्हतीच. हिलाच कुणीतरी चोरून नेत होतं.

डॉक्टरकडं गेलो तेव्हा आत्याही बरोबर आल्या, दात दुखतो म्हणून. डॉक्टरांनी पोरीची छाती तपासली, हळू हळू प्रश्न विचारले, रागावले नाहीत. म्हणाले, फळाचा वास वरवरचा असतो, आत निकोटीन असतं, तंबाखूतलं तेच. भूक मारतं, झोप मारतं आणि सोडायला गेलं की असंच छळतं. छाती लहान वयाची आहे, सोडलं तर सुधारेल, पण वेळ लागेल. मग त्यांनी आत्यांचं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, "आजी, तुमचंही तेच आहे. तिचं विजेवर, तुमचं तव्यावर."

परत येताना रिक्षात आत्या पोरीच्या शेजारी बसल्या. घराजवळ आलो तेव्हा पोरीच्या मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू एकटी कशापायी सोडशील? मी बी सोडती." कमरेची डबी काढली आणि रिक्षा चालू असतानाच बाहेर फेकली. पोरगी हसली. किती दिवसांनी हसली ती.

मी नाही हसले. आत्यांकडं दुसरी डबी असणार हे मला माहीत होतं.

त्या दिवसापासून मी वास घ्यायला लागले. पोरगी बाहेरनं आली की दारातच म्हणायचे, "हाऽ कर." ती तोंड उघडायची आणि मी नाक पुढं करायची. जाकिटाचा वास, केसांचा वास, दप्तराचा वास. आधी ती मुकाट्यानं करायची, मग दात चावून करायला लागली. यांनी मला एकदा समजावलं, "अगं, सोडलंय तिनं." मी म्हटलं, वरचे दाणे चांगलेच असतात. मिरचीच्या म्हाताऱ्यांकडं जाऊन मी माफी मागितली, त्यांनी पोतं काढून ठेवलंच होतं. सासूशी बोलायला लागले. पण पोरीवरचा विश्वास काही परत येईना. तो काय गादीवर मिळतो?

निवड झाली. ती पळतीला उतरली, एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीला खांबाजवळ तिचा श्वास अडकला. हात लागून बाद झाली. राखीव पोरींतही नाव आलं नाही. ज्या मोठ्या पोरींनी दिलं होतं त्यांतल्या दोघींची नावं लागली. मैदानावरनं घरी येईपर्यंत ती स्कूटीवर माझ्या मागं बसून होती. फक्त माझ्या पाठीवर तिचा श्वास लागत होता, तुटक तुटक. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी मनात एकच चालू होतं, आता ही पुन्हा त्या पेनाकडं जाणार. दुःख झालं की माणूस सवयीकडंच पळतं. आता डोळ्यांत तेल घालून बसायचं.

आणि बसले. म्हणून त्या दुपारी गच्चीवर कुजबुज ऐकू आली तेव्हा मी चपला न घालताच जिना चढले.

पाण्याच्या टाकीमागं पोरगी उकिडवी बसली होती. हातात काहीतरी होतं. मला बघितल्याबरोबर तिनं ते पाठीमागं लपवलं.

माझ्या तोंडातनं काय काय निघालं ते मला आज सांगवत नाही. खोटारडी म्हणाले. तुझ्यापायी कांडप घराबाहेर काढलं म्हणाले. जिल्ह्याला गेली नाहीस ते बरंच झालं, तिथं जाऊन तोंड काळं केलं असतंस, असंही म्हणाले. आणि तिचा हात पिरगाळून ती वस्तू हिसकावून घेतली.

डबी होती. उघडली तर आत मशेरी.

टाकीच्या पलीकडं, सावलीत, आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर तोंडात धरला होता आणि खांदे हलत होते. "दे की गं चिमूटभर," त्या म्हणत होत्या, माझ्याकडं न बघता, नातीकडं हात पसरून. "डोस्कं फुटतंय माजं. एकच चिमूट."

पोरगी मनगट चोळत उठली. "रोज येतो आमी हितं," म्हणाली. "ही डबी आजीनंच माझ्याकडं दिली. म्हणाली, तू धर, मी कितीबी रडली तरी देऊ नको. मग मी देत न्हाय. आणि मला आठवण आली की ती माझा हात धरून बसती." ती थांबली. "तू सरळ माझ्यावरच आलीस की, मम्मी."

मी डबी आत्यांना द्यायची का पोरीला, हेच मला कळेना. ती तशीच हातात धरून उभी राहिले. मग पोरगी माझ्याजवळ आली. माझ्याएवढीच उंच झालीय आता. माझ्या नाकासमोर तोंड आणलं आणि म्हणाली, "हाऽ. घे वास."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. कुठलीही आई त्या वेळी नको म्हणाली असती, जवळ घेतलं असतं. पण तळातला दाणा चावल्याशिवाय पोतं न घेणारी बाई मी. वाकले आणि वास घेतला. लसूण होता आणि कडक भाकरी. दुसरं काही नव्हतं. लाज वाटली, तरी मी आणखी एकदा घेतला, आणि तिनं घेऊ दिला.